गुलाबरावांचा ट्रेलर आणि उडत्या गाड्या

जिथं माल चढतो-उतरतो, तिथं किस्से आपोआप साचतात. माल पुढे निघून जातो, त्याच्यावर सह्या होतात, पोचपावती मिळते. किस्सा मात्र कुणी उचलून नेत नाही. तो यार्डातच पडून राहतो आणि पुढच्या वेळी चहा प्यायला बसलं की पायात येतो.

आमचं यार्ड वर्धा शहराच्या बाहेर, नागपूर रोडला. नव्याकोऱ्या कार पुण्याकडच्या कारखान्यातून ट्रेलरवर चढतात, आमच्याकडे येतात आणि इथून विदर्भातल्या नाहीतर रायपूरकडच्या शोरूमला जातात. आमचे ट्रेलर दोनच, दोन मजल्यांचे, जुन्या पद्धतीचे, बाजूंनी उघडे. एक गुलाबराव चालवतात, दुसरा नंदू. मालक किसनसेठ. यार्डाच्या फाटकाशी कांताबाईंची चहाची टपरी. मी दिवाकर, यार्डाचा सुपरवायझर. आलेली प्रत्येक गाडी चारी बाजूंनी बघायची, ओरखडा असला तर लिहायचा, नसला तर नाही असं लिहायचं, हे माझं काम. रोज संध्याकाळी आर्वी रोडवरच्या माझ्या गावी, आंजीला, घरी गेलो की दिवसभराचंही असंच लिहून ठेवतो. ते कुणी सांगितलेलं नाही, हाताला सवय लागली आहे.

तर गेल्या उन्हाळ्यात सेठजींच्या जावयांनी बंगलोरहून त्यांना एक व्हिडिओ पाठवला आणि आमच्या यार्डाला घोर लागला.

* * *

व्हिडिओत एक माणूस अंगणातून गाडीत बसतो, गाडी सरळ वर उठते आणि इमारतींच्या डोक्यावरून निघून जाते. सेठजींनी तो टपरीवर सगळ्यांना दाखवला.

"पाहून घ्या भाई. जावई म्हणते, कारखान्यातून गाडी निघन ते सीधी उडत शोरूमच्या गच्चीवर उतरन. मंग आपल्या ट्रेलरले कोण पुसते?"

नंदूने फोन उलटासुलटा करून पाहिला. "मंग आपण काय करू, सेठजी? खाली उभं राहून बोट दाखवू काय, का थे पाहा आपला धंदा चालला?"

कांताबाईंनी एकच प्रश्न विचारला. "उतरल्यावर चहा त पेईन ना थो मानूस?"

गुलाबराव सगळ्यात शेवटी बोलले. ते असे शेवटीच बोलतात. "उडू द्या ना जी. उडाचं काय हाय? उतरन तवा कोनाच्या वावरात उतरन, थे पाहू."

आम्ही हसलो. सेठजी हसले नाहीत. त्यांनी सांगून टाकलं की नागपूरची एक पार्टी दोन्ही ट्रेलर घ्यायला तयार आहे, दिवाळी झाली की बघायला येईल. यार्डाच्या जागेवर गोडाऊन बांधायचं. नंदू तरुण आहे, त्याला कुठंही स्टिअरिंग मिळेल. मला गोडाऊनवर लिखापढीचं काम. गुलाबरावांना तिथं राखणदार म्हणून ठेवून घेऊ, सोडणार नाही, हे सेठजींनी दोनदा सांगितलं. त्यांच्या मनात खोट नव्हती.

गुलाबराव अंगात बळ आल्यापासून कार कॅरिअरच चालवत आले आहेत. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "गोडाऊनले चाकं असतात काय, सेठजी? नाई ना. मंग थे पळून कुठं जाते? त्याले राखाचं काय?"

सेठजी गाडीत बसून निघून गेले. दिवाळीला तेव्हा बरेच महिने होते, पण त्या दिवसापासून आम्ही सगळे दिवाळी मोजू लागलो.

* * *

आमच्या धंद्यात एक रीत आहे. गिऱ्हाइकाच्या नव्या गाडीत बसताना चपला काढायच्या. सीटवर प्लास्टिक असतं, पायाखाली कागद असतो, तरी चपला काढायच्या. सीट पुढे-मागे करायचं नाही, आरसा हलवायचा नाही, रेडिओला हात लावायचा नाही. ज्याची गाडी त्याने पहिल्यांदा बसावं तेव्हा कुणी आधी बसून गेलंय असं वाटता कामा नये. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही. गुलाबरावांनी त्यांच्या उस्तादाकडून घेतलं, नंदूने गुलाबरावांकडून.

एकदा पुण्याकडे लोडिंग करताना गुलाबरावांनी रॅम्पच्या खाली चपला काढल्या आणि एकेक करून आठही गाड्या अनवाणी वर चढवल्या. पट्टे आवळले, कागद घेतले, केबिनमध्ये चढले आणि निघाले. चपला तिथंच. केबिनमध्ये ते तसेही अनवाणीच बसतात, त्यामुळे लक्षात आलं ते पार विदर्भात शिरल्यावर. माल रायपूरचा, वेळ गाठायची होती, मध्ये थांबून चपला घेणं त्यांना पटेना.

रायपूरच्या शोरूमचे मालक भाविक. भर उन्हात तापलेल्या फरशीवर अनवाणी उभा असलेला डायव्हर बघून त्यांनी हात जोडले. "मन्नत है?" असं विचारलं. गुलाबरावांना हिंदी नीट येतं, पण समोर कुणी हात जोडले की त्यांना काही सुचत नाही. ते नुसते हसले. झालं. मालकांनी त्यांना घरी नेलं, पाटावर बसवलं, मालकिणीने आग्रह करून वाढलं, निघताना प्रसादाचा डबा दिला.

परत आल्यावर नंदूने विचारलं, "अन् तुमी सांगतलं नाई काऊन, का चपला भुललो म्हणून?"

"सांगनारच होतो ना बे. पन तोंडात पुरी होती."

त्या घरून अजूनही दरवर्षी गुलाबरावांच्या नावाने मिठाईचा डबा येतो. त्यातली बर्फी आम्ही सगळे खातो आणि खरं काय ते कुणी कळवत नाही.

* * *

माकडांचा त्रास आमच्या भागात नवा नाही. पण माकड आणि नवी कार ही जोडी फार वाईट. ट्रेलर ढाब्यावर थांबला की वानरं वरच्या मजल्यावर चढतात, बाजूच्या आरशात आपलंच तोंड बघतात आणि त्या दुसऱ्या वानराला मारायला धावतात. आरसा फुटतो. मग शोरूमवाला माझ्याकडे बघतो आणि मी गुलाबरावांकडे.

गुलाबरावांच्या घरी, म्हणजे आर्वीला, शिलाई मशीन आहे. एक दिवस ते पिशवीभर छोट्या छोट्या टोप्या घेऊन आले. त्यांच्या बायकोने, वच्छलाबाईंनी, जुन्या फुलाफुलांच्या पातळातून शिवलेल्या, बुडाला नाडी घातलेल्या. प्रत्येक आरशाला एक.

पहिल्यांदा तो ट्रेलर अमरावतीच्या शोरूमला गेला तेव्हा तिथला मॅनेजर ट्रेलरभोवती एक फेरी मारून आला. पांढऱ्या, लाल, करड्या अशा आठ गाड्या, आणि सगळ्यांच्या कानात झुबे घातल्यासारख्या फुलाफुलांच्या टोप्या. "हे कंपनीकडून आहे का?" त्याने विचारलं.

"हो जी," गुलाबराव म्हणाले, "आमच्या घरची कंपनी हाय."

नंदूचं म्हणणं होतं की उडत्या गाड्या आल्या की निदान या टोप्यांचं काम संपेल, आभाळात वानरं नसतात. गुलाबराव म्हणाले, "वानरं नाईत, पन घारी हायेत. वच्छलाले सांगून ठेवतो, मोठं माप लागन."

* * *

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मी घरच्या ओट्यावरून घसरलो आणि पायाचं हाड मोडलं. प्लास्टर उतरल्यावर काठी घेऊन कामावर जायला लागलो. मोटरसायकल बंद, आणि आंजीच्या स्टँडवर सकाळची एसटी इतकी भरून येते की धडधाकट माणसालाही चढता येत नाही.

हे मी कुणाला बोललो नव्हतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्टँडवर उभा होतो तर आर्वीकडून गुलाबरावांचा ट्रेलर आला. अमरावतीच्या शोरूमने दुसऱ्या शोरूमला वळवलेल्या गाड्यांचा परतीचा माल घेऊन ते आदल्या दिवशी घरी थांबले होते. वर-खाली आठ गाड्या, आरशांना फुलाफुलांच्या टोप्या. बरोबर माझ्यासमोर थांबला. गुलाबराव खाली उतरले, एक प्लास्टिकचं स्टूल काढलं, केबिनखाली ठेवलं आणि म्हणाले, "चढा."

"गुलाबराव, माल घेऊन असं थांबायचं नसतं."

"माल नाई थांबला. मी थांबलो. चढा लवकर, मांग एसटी हारन देऊन राह्यली."

माझा पाय नीट होईपर्यंत ज्या ज्या दिवशी ते त्या बाजूने येणार असत, त्या दिवशी थांबले. स्टूल केबिनमध्येच ठेवलं होतं. स्टँडवरच्या लोकांनी माझं जिणं मुश्कील केलं. "दिवाकरले घ्याले एक नाई, आठ आठ गाड्या येतात. एकीत बसते, सात रिकाम्या चालतात." माझ्या बायकोने मात्र एक दिवस स्टँडवर येऊन गुलाबरावांच्या हातात ज्वारीच्या भाकरी आणि झुणका बांधून दिला. त्यानंतर ते वाट वाकडी करूनही त्या बाजूने यायला लागले असा नंदूचा आरोप आहे. मी तो तपासलेला नाही.

उडत्या गाड्या आंजीवरून जातील तेव्हा किती वेगाने जातील, याचा विचार मी त्या स्टुलावर चढताना केला होता.

* * *

आता जरा न्यायाने लिहितो. सेठजींचं सगळंच चुकीचं नव्हतं. मला वाचायची सवय आहे. व्हिडिओ आल्यापासून मी मिळेल ते वाचलं. माणूस बसवून उडणारी यंत्रं तयार झाली आहेत, काही ठिकाणी त्यांच्या चाचण्या चालू आहेत. उद्या ती स्वस्त झाली आणि परवानग्या मिळाल्या, तर कारखान्यातून शोरूमपर्यंतचा लांबचा रस्ता आमच्या हातून जाऊ शकतो. पुलावर पाणी आहे, घाटात जाम आहे, असली कारणं उरणार नाहीत. ट्रेलरच्या जागी उतरायला मोकळी जागा, चार्जिंग, तपासणी आणि कागद, एवढंच काम आपल्याकडे राहील. धंदा मरणार नाही, पण त्यातलं चाक जाईल. आणि गुलाबरावांकडे चाकच आहे.

हे मी सेठजींना जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "तेच त मी म्हनून राह्यलो, दिवाकरभाऊ."

त्याच आठवड्यात आमच्या गावात फवारणीचा ड्रोन आला. बचत गटातल्या एका सूनबाईने तो चालवायचं शिक्षण घेतलं होतं. पहिल्याच दिवशी मी आणि नंदू पाहायला गेलो. ड्रोन उडताना पाहायचा म्हणून अर्धं गाव वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. वाट बघतोय, बघतोय, आणि वाटेने एक बैलगाडी आली. गाडीत गोधडी अंथरलेली, गोधडीवर ड्रोन, ड्रोनवर छत्री धरून सूनबाईची सासू बसलेली. बॅटऱ्या सासऱ्यांच्या मांडीवर. सूनबाई मागून रिमोट घेऊन चालत.

कुणीतरी विचारलं, "बाई, उडवत काऊन नाई आनला?"

सासूबाई म्हणाल्या, "उडनं त्याचं काम हाय. इथवर आननं आमचं."

नंदूने वर्ध्याला परत येईपर्यंत हे वाक्य तोंडपाठ केलं आणि यार्डात शिरल्या शिरल्या सेठजींना ऐकवलं. सेठजींनी शांतपणे ऐकून घेतलं. "नंद्या, थे लहान हाय. मोठं झालं का सोताच्या पायानं येईन." नागपूरच्या पार्टीचा फोन आला होता. दिवाळीनंतरचा दिवस ठरला होता.

* * *

यार्डात गिऱ्हाईक येत नाही, ते शोरूमला जातं. पण हिंगणघाटचं एक कुटुंब आलं. त्यांची गाडी अजून ट्रेलरवरच होती, पुढच्या दिवशी शोरूमला जायची. घरातल्या म्हाताऱ्या आजींना त्या दिवशीचाच मुहूर्त हवा होता. बरोबर ताट, निरांजन, हळद-कुंकू, नारळ, सगळं.

गाडी नेमकी वरच्या मजल्यावर. शोरूमच्या आधी गाडी गिऱ्हाइकाच्या हातात देता येत नाही, खाली उतरवता येत नाही. मी तसं सांगितलं. आजींना शिडी चढणं शक्य नव्हतं. त्यांचा मुलगा हिरमुसला. आजी ट्रेलरकडे बघत होत्या.

"यातली आपली कोनती?"

मुलाने बोट दाखवलं. "ती वरची, मधली."

"अन् बाकीच्या?"

"बाकीच्या लोकांच्या, आई."

"त्यायचं कोनी आलं नाई?"

"त्यांना माहीत नाही गाड्या कुठं आहेत ते."

आजींनी पदर डोक्यावर घेतला आणि अख्ख्या ट्रेलरला ओवाळलं. पुढून एकदा, मागून एकदा. मग गुलाबरावांना बोलावलं, त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं, हातात नारळ दिला. "तूच घेऊन चालला ना बाबू सगळ्यायले? सांभाळून नेजो."

गुलाबरावांनी नारळ फोडला नाही. दुसऱ्या दिवशी आठही गाड्या उतरल्यावर शोरूमच्या फाटकाशी फोडला आणि खोबरं तिथल्या सगळ्यांना वाटलं. सेठजींना हे मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, उडती गाडी असती तर आजींच्या अंगणातच उतरली असती, त्यांना इतक्या लांब यावं लागलं नसतं. खरं होतं. गुलाबराव तिथंच होते. "हो जी, सेठजी," ते म्हणाले, "पन मंग बाकीच्या सातायले कोनं ओवाळलं असतं?"

* * *

दिवाळी तोंडावर आली आणि यार्डात एका मुलीचा फोन आला. नाव मृणाल. नागपूरला तिने आणि तिच्या सोबत्यांनी मिळून एक माणूस बसेल असं उडतं यंत्र बनवलं होतं. आर्वीला शेतकरी मेळाव्यात ते दाखवायचं होतं, कपाशी-सोयाबीनवाले सगळे येणार होते. न्यायला ट्रेलर पाहिजे.

फोन सेठजींनी घेतला होता. "पोरी, उडती गाडी हाय ना तुही? मंग उडवत ने ना."

"काका, परवानगी मैदानापुरतीच मिळाली आहे. आणि बॅटरी इतक्या लांब पुरत नाही. अजून नाही."

"अजून नाई," सेठजींनी माझ्याकडे बघून म्हटलं. मग फोनमध्ये विचारलं, "रुंद किती हाय?"

यंत्र न्यायच्या दिवशी सेठजी स्वतः केबिनमध्ये बसून गेले. धंदा सुरू केला तेव्हा ते बसायचे, त्यानंतर कधी नाही. मीही होतो. नागपूरला यंत्र बघितलं आणि गुलाबरावांनी डोकं खाजवलं. वरच्या मजल्यावर ठेवावं तर विजेच्या तारा लागतील, खालच्या मजल्यावर ठेवावं तर वरचा मजला लागेल. शेवटी वरचा मजला पूर्ण खाली बसवला आणि त्यावर यंत्र चढवलं. मृणालने यंत्राचा नकाशा आणला होता. पंखे लावलेले वरचे दांडे बांधायचे नाहीत, ज्यांवर यंत्र टेकतं ते खालचे दांडे बांधायचे, इथून आणि इथून. ती सांगत गेली, गुलाबराव आवळत गेले.

मग आमची तपासणी. माझ्या कागदावर कारचं चित्र असतं, चारी बाजूंनी, त्यावर खुणा करायच्या. त्या चित्राशी या यंत्राचं काहीच जुळेना. मी कारच्या चित्रावरच चार पंखे काढले. गुलाबरावांनी रिवाजाप्रमाणे यादी वाचायला सुरुवात केली.

"स्टेपनी?"

"काका, याला स्टेपनी नसते," मृणाल म्हणाली.

"मले ठावं हाय, ताई. दिवाकरभाऊ, स्टेपनी नाई, लिवा. जॅक?"

"नाही."

"जॅक नाई. पायपुसनं?"

मृणाल हसायला लागली. "नाही हो काका."

"ताई, उद्या तुमीच म्हनसान, का पायपुसनं होतं अन् गुलाबनं नेलं." तिने सगळ्या 'नाही'पुढे सही केली.

आर्वी रोडला लागलो आणि जिथं जिथं वेग कमी झाला तिथं लोक धावत आले. एका फाट्यावर समोरून आलेल्या एसटीचा डायव्हर काच खाली करून थांबला. त्याने यंत्राकडे बघितलं, मग गुलाबरावांकडे.

"काय होय बे हे?"

"उडनारी गाडी."

"उडनारी? मंग तुह्या पाठीवर काऊन बसली?"

"थकली," गुलाबराव म्हणाले आणि गिअर टाकला.

सेठजी खिडकीबाहेर तोंड करून बसले होते. त्यांचे खांदे हलत होते.

आर्वीच्या मैदानावर ते यंत्र खरंच उडालं. मृणाल हेल्मेट घालून बसली, पंखे फिरले, आणि धूळ उडवत ते वर गेलं, कडुलिंबाच्या झाडाइतकं. तिथं थांबलं, थोडं इकडे, थोडं तिकडे, आणि जिथून उठलं तिथंच अलगद उतरलं. मेळाव्याने टाळ्या वाजवल्या. मी आयुष्यात असं काही बघितलं नव्हतं. त्या मुलीला मी मनापासून हात जोडले. सेठजींनी वर बघायला जी मान वर केली ती यंत्र खाली आल्यावरही खाली येईना. गुलाबराव तेवढे वर बघत नव्हते. ते ट्रेलरच्या बाजूला बसून पट्टे नीट गुंडाळत होते, परतीला लागणार म्हणून.

लोकांनी सेठजींना घेरलं. "तुमचं हाय काय हे, सेठ?"

"मशीन या पोरीचं," सेठजी म्हणाले. "आनलं आमी."

हे त्यांनी बऱ्याच जणांना सांगितलं. ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनाही सांगितलं.

येताना सेठजी मध्ये बसले होते. आंजीच्या आधीच त्यांना डुलकी लागली आणि त्यांचं डोकं गुलाबरावांच्या खांद्यावर आलं. तिथून वर्ध्यापर्यंत गुलाबरावांनी गिअर अशा बेताने बदलला की खांदा जागचा हलला नाही. ट्रेलर मागून येणाऱ्या सगळ्यांना शिव्या घालायला लावेल इतका हळू चालला.

* * *

दिवाळी झाली. मशीन नागपूरला पोचलं होतं, नंदू त्याचा ट्रेलर घेऊन रायपूरला गेला होता. गुलाबरावांचा ट्रेलर यार्डाच्या मध्यभागी उभा होता, धुतलेला, वरचा मजला रिकामा, खालचा मजला रिकामा. त्याच्या सावलीत सतरंजी टाकून गुलाबराव दुपारचे आडवे झाले होते. त्यांना त्या दिवशी कोण येणार हे माहीत होतं. ट्रेलर त्यांनी सकाळी स्वतः धुतला होता, कुणी सांगितलं नसताना.

नागपूरची पार्टी मोठ्या गाडीतून आली. उंच, पांढरा शर्ट घातलेले गृहस्थ. बरोबर त्यांचा मेकॅनिक. सेठजी ऑफिसमधून बाहेर आले. मी फाटकाशी कांताबाईंच्या टपरीजवळ उभा होतो. कांताबाईंनी चहाची किटली उचलली आणि तशीच धरून ठेवली.

"चला सेठ," पार्टी म्हणाली, "दाखवा गाडी."

सेठजी म्हणाले, "गाडी लोडवर हाय." लोडवर म्हणजे माल भरलेली.

पार्टीने यार्डात नजर फिरवली. यार्डात एकच गोष्ट होती. "ही कुठली मग?"

सेठजींनी ट्रेलरकडे बघितलं. केबिनपासून सुरुवात करून मागच्या रॅम्पपर्यंत, सावकाश, एकेक रिकामी जागा बघत गेले.

"हेच," ते म्हणाले. "लोडवर हाय."

मेकॅनिक ट्रेलरच्या वरच्या मजल्याकडे बघत होता, मग खालच्या, मग माझ्याकडे. मी कांताबाईंकडे बघितलं.

"सेठ, मी इतक्या लांबून आलोय," पार्टीचा आवाज चढला. "ही रिकामी कधी होणार ते तरी सांगा."

सेठजींनी ओठांवर बोट ठेवलं.

"जरा हळू बोला, साहेब," ते म्हणाले. "डायव्हर झोपून राह्यला."